बँकवाले काका

नारायण पेठ, पुणे ३०
रविवार, सकाळ

प्रिय अन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "हे लोन ॲपचं खूळ तुमच्याकडे आलं कुठून रे?" आणि मी "चीनमधून" म्हणून मोकळा झालो. इकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, तिकडे तुझा आवाज तुटत होता, म्हणून निभावलं. पण एकतीस वर्षं सहकारी बँकेत कर्जखात्यात घासलेल्या माणसानं असं एका शब्दाचं उत्तर देणं बरं नव्हे. शिवाय ते अर्धं खोटं आहे. त्यातला एक धागा तर तिकडे इंग्लंडातल्या तुझ्याच न्यूकॅसलहून, तुझ्याच बॅगेतून माझ्या घरात आलाय.

टीशर्ट आठवतो? २०१३ च्या डिसेंबरात आलास तेव्हा ताईच्या निखिलसाठी तुमच्या फुटबॉल टीमचा आणला होतास. काळेपांढरे पट्टे आणि छातीवर मोठ्या अक्षरांत 'वोंगा'. आमच्या ताईला वाटलं, हा कुणी आफ्रिकन खेळाडू. तू हसून म्हणालास, "नाही गं, उधारी देणारी कंपनी आहे, लोकांना पार धुऊन काढते. नाव नको बघूस, पट्टे बघ." आम्ही पट्टे बघितले. पोरगं तेव्हा दहावीत होतं, धुऊन धुऊन विटेपर्यंत त्यानं तो घातला.

आता मधली सात वर्षं सोड आणि जुलै २०२० वर ये. आमच्या खालच्या मजल्यावरच्या सुनंदाताई तुला माहीत नाहीत, त्या नंतर आल्या. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना डबे द्यायच्या. या पेठांमधल्या निम्म्या खोल्या त्या पोरांनी भरलेल्या असतात. लॉकडाऊन लागला, पोरं आपापल्या गावी गेली आणि बाईंचे चाळीस डबे चारवर आले. भाडं थकलं, किराणावाल्याची उधारी थकली. मोबाइलवर जाहिरात दिसली, पाच मिनिटांत पाच हजार, कागदपत्रं नकोत. त्यांनी घेतले. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मला कळलं ते एका दुपारी, अनोळखी नंबरवरून. "हॅलो, बँकवाले काका बोल रहे हैं?"

अन्या, मला या नावानं हाक मारणारं माणूस अख्ख्या जगात कुणी नाही. मी म्हटलं, कोण? तर पलीकडचा मुलगा सुनंदाताईंचं नाव घेऊन म्हणाला, त्यांनी पैसे बुडवलेत, तुम्ही त्यांचे जामीनदार आहात, तुम्ही भरा. मी कशाचाच जामीनदार नव्हतो. त्यांच्या फोनमध्ये माझं नाव 'बँकवाले काका' असं सेव्ह केलेलं होतं, इतकंच. ॲप घेताना फोननं विचारलं, कॉन्टॅक्ट बघू देऊ का? बाईंनी 'हो' दाबलं. सगळेच दाबतात.

संध्याकाळी त्यांना वर बोलावलं. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी हिशेब मांडला. कर्ज पाच हजार. त्यातून 'प्रोसेसिंग'चे म्हणून अठराशे आधीच कापलेले. हातात बत्तीसशे. फेड पाच हजारांची, सातव्या दिवशी. म्हणजे बत्तीसशेवर आठवड्याला अठराशे, शेकडा सव्वाछप्पन्न. वर्षाचं सरळ व्याज काढलं तर २९२५ टक्के. मी पेन्सिल खाली ठेवली आणि दोनदा तपासलं.

आणि मग मी जे बोललो ते तुला सांगायचंय, कारण घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "ताई, सही केलीत ना? मग भरावे लागतील." तिथे सही कसली नव्हतीच, एक अंगठा टेकवला होता काचेवर. पण तोंडातून निघालं ते कर्जखात्यातलं वाक्य. बाई खाली मान घालून निघून गेल्या. त्यांनी दुसऱ्या ॲपवरून घेऊन पहिलं भरलं, तिसऱ्यावरून दुसरं. एका महिन्यात सात ॲपं. आपल्याकडे पीककर्जाचं मार्चअखेर करतात ना, तेच. नवं-जुनं. फक्त तिकडे ते वर्षातून एकदा, इकडे दर सोमवारी.

एक दिवस हप्ता चुकला. त्यांच्या फोनमधले पन्नासएक जण घेऊन कुणीतरी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. त्यात गॅसवाला, दीर, शिलाईवाली, कुकर दुरुस्त करणारा आणि मी. ग्रुपवर त्यांच्या आधार कार्डाचा फोटो, आणि त्यावर लाल अक्षरांत 'चोर'. कुकरवाल्यानं सगळ्यात आधी ग्रुप सोडला आणि सोडण्याआधी त्या लोकांना आईवरून एक शिवी हासडून गेला. मला तेवढंही सुचलं नाही.

आता निखिल. त्या साली त्याची हॉटेलातली नोकरी गेली आणि ऑगस्टात तो शहराच्या पूर्व भागात एका कॉलसेंटरला लागला. कसली कंपनी विचारलं तर म्हणे, "कलेक्शन प्रोसेस आहे, मामा." चौदा हजार आणि वर इन्सेन्टिव्ह. आम्ही पेढे वाटले. दोन महिन्यांत सोडून आला, आणि का सोडली ते वर्षभर बोलला नाही. मग एका रात्री गच्चीवर त्यानं सांगितलं. कर्जदारांच्या बकेटी असतात. मुदतीच्या आदल्या दिवशीची एक, त्याच दिवशीची दुसरी, उलटून गेल्यावर पुढच्या. पहिल्या बकेटीत "सर" म्हणायचं. दुसऱ्यात "सर" गाळायचं. तिसऱ्यात नातेवाइकांचे नंबर समोर येतात, 'मम्मी', 'पप्पा', 'बॉस' असं सेव्ह केलेले आधी. त्यानं स्क्रिप्टचा एक कागद जपून ठेवलाय. रोमन लिपीतलं हिंदी, कुठल्या तरी यंत्रातून काढलेलं. त्यात एक वाक्य आहे, "आपके पूर्वज आपका चेहरा देखकर रोएँगे." पोरं हसायची म्हणे ते वाचून. पूर्वजांचा धाक आपल्याकडे फक्त पितृपंधरवड्यात चालतो, वसुलीला कोण घालतंय? ते वाक्य दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या कर्जदाराला घाबरवायला लिहिलेलं होतं आणि तसंच्या तसं आमच्याकडे उतरलं होतं. सुनंदाताईंना फोन करणारे वेगळे, निखिलचं ऑफिस वेगळं. पण रीत एकच.

तेव्हापासून मी ही रीत कुठून कुठे फिरली ते जमेल तसं वाचत आलोय. निवृत्त माणसाला दुसरं काय काम? एकच कंपनी जगभर फिरली असं नाही. धंदा फिरला, आणि प्रत्येक मुक्कामी त्याला एकेक नवा अवयव फुटत गेला.

पगारापर्यंतची उधारी, ज्याला अमेरिकेत 'पेडे लोन' म्हणतात, तिची दुकानं टेनेसी राज्यात १९९३ च्या सुमारास साखळीनं निघाली. काही राज्यांनी व्याजाला मर्यादा घातली, जॉर्जियानं तर २००४ मध्ये तो गुन्हाच ठरवला. मग धंदेवाल्यांनी काय करावं? जिथे मर्यादा नाही अशा राज्यातली एखादी बँक गाठायची आणि कागदोपत्री कर्ज तिच्या नावानं द्यायचं. तिथल्या सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये निकाल दिला होता की बँक आपल्या राज्याचा दर दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला लावू शकते, त्याचा आडोसा. याला ते लोक 'रेंट-अ-बँक' म्हणतात, भाड्याची बँक. गंमत म्हणजे सैनिक या कर्जात इतके बुडायला लागले की २००६ मध्ये फौजेतल्या लोकांसाठी वेगळा कायदा करून ३६ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. बिगरफौजी माणसांसाठी देशभराची अशी मर्यादा नाहीच.

तुमच्याकडे हा प्रकार दुकानातून इंटरनेटवर आला. वोंगा जाहिरातीतच ५८५३ टक्के असा वार्षिक दर छापायची, हे तूच मला सांगितलं होतंस आणि मी ते टायपिंगची चूक समजलो होतो. तिनं थकबाकीदारांना वकिलांच्या नोटिसा पाठवल्या. ते वकीलच नव्हते! लेटरहेड होतं, नावं होती, ऑफिस मात्र वोंगाचंच. २०१४ मध्ये ते उघडकीला आलं आणि ४५,००० गिऱ्हाइकांना मिळून २६ लाख पौंड भरपाई द्यावी लागली. जानेवारी २०१५ पासून तुमच्या नियामकानं मर्यादा घातली. दिवसाला ०.८ टक्क्याहून जास्त नाही, आणि व्याज, दंड, सगळं धरून मुदलाइतक्याहून जास्त नाही. वोंगा २०१८ च्या ऑगस्टमध्ये बसली.

ती मुदलाइतक्याची अट तेवढी लक्षात ठेव, तिच्याकडे परत येणार आहे.

चीनमध्ये फोन हाच दुकान झाला. तिथल्या कर्जाला लोकांनी नाव दिलं होतं '७१४ ची विमानविरोधी तोफ'. सात किंवा चौदा दिवसांची मुदत, आणि फुटली की माणूस उडालाच. आधीच कापून घेतलेल्या रकमेला त्यांचा शब्द आहे 'मुंडकं छाटलेलं व्याज'. वाचून मी उडालो, कारण आपल्याकडे या प्रकाराला घरचा शब्द आहे. मनोती. पेशवाईतले सावकारसुद्धा कर्ज देताना मनोती कापून घ्यायचे. नातेवाइकांना फोन करून नाचक्की करण्यालाही चिनी लोकांचा शब्द आहे, अर्थ साधारण 'पत्त्यांची वही फोडणे'. तिथल्या सरकारी वाहिनीनं १५ मार्च २०१९ ला ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात हे सगळं उघड केलं आणि मग धरपकड सुरू झाली.

धंद्यावर धाड पडली की दुकान बंद होतं. पण सॉफ्टवेअर, पैसा आणि तयार झालेली माणसं राहतातच ना? ती जिथे धाड नाही तिथे जातात. केनिया, नायजेरिया, इंडोनेशिया, भारत. जानेवारी २०२० मध्ये कंपन्यांच्या भानगडी शोधणाऱ्या हिंडेनबर्ग नावाच्या अमेरिकन संस्थेनं (हो, तीच, तीन वर्षांनी अदानींमुळे आपल्याकडे घरोघरी पोचलेली) ऑपेरा ब्राउझरच्या मालक कंपनीवर आरोप केला की केनिया, नायजेरिया आणि भारतातली तिची कर्जाची ॲपं सांगतात एक मुदत आणि देतात तीस दिवसांच्या आतली. कंपनीनं आरोप फेटाळले. गूगलनं साठ दिवसांच्या आत फेड मागणाऱ्या ॲपांवर २०१९ मध्येच बंदी घातली होती. पण ॲपमध्ये लिहायचं एक आणि वागायचं दुसरं, त्याला गूगल काय करणार?

आता आमचा अवयव. तुला वाटतं तेवढे आम्ही निष्पाप नाही. कर्ज द्यायला परवाना लागतो, तो ॲपवाल्यांकडे नव्हता. आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यात निपचित पडलेल्या छोट्या वित्त कंपन्या आहेत, एनबीएफसी. त्यांनी परवाना वापरायला दिला आणि कमिशन घेतलं. अमेरिकेतली भाड्याची बँक इथे भाड्याची एनबीएफसी झाली. संचालक म्हणून सह्या करणारे आपले, हिशेब तपासणारे आपले, फोन करणारी पोरं आपली. जानेवारी २०२१ मध्ये तेलंगणातले राचकोंडा पोलीस पुण्यात येऊन एका कॉलसेंटरवर छापा घालून गेले. (निखिलचं नव्हे.) एक चिनी बाई पकडली गेली, आणि पेपरात दोन दिवस फक्त तीच. तिच्याभोवती शेकडो खुर्च्यांवर बसून मराठी-हिंदी-तेलुगूत धमक्या देणारे कोण होते, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नसता विचारला. आमच्या घरात पेढे वाटले होते.

त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या समितीला ८० च्या आसपास ॲप स्टोअरवर मिळून ११०० कर्जाची ॲपं सापडली, त्यातली ६०० बेकायदा. सप्टेंबर २०२२ मध्ये नियम आले. पैसा सावकाराच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात, वार्षिक दर आधी सांगायचा, फोनमधले कॉन्टॅक्ट बघायचे नाहीत. नियम चांगले आहेत. सुनंदाताईंना दोन वर्षं उशिरा आले.

आता त्या अटीकडे. गेल्या महिन्यात मोरगावच्या गणपतीला गेलो होतो, तिथून पुढे सुप्याला गेलो. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे. १२ मे १८७५ ला तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. शाळेत आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन ओळींत पाठ केलं होतं. पण त्यातसुद्धा परदेश आहे बघ. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला, आपल्या कापसाला भाव आला, सावकारांनी हात सैल सोडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव पडला, सावकारांनी हात आवळले. आणि इंग्रजांनी १८५९ मध्ये कायदा केला होता की कर्जरोखा तीनच वर्षं चालेल. हेतू हा की व्याज साठत जाऊ नये. सावकारांनी काय केलं? दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवा रोखा लिहून घ्यायचा. नवं-जुनं! इंग्रजांचा चांगला कायदा सुप्यात येईस्तोवर फास झाला. १८७९ मध्ये दुसरा कायदा करून कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा द्यावी लागली.

आणि हे सगळं असताना आपल्याकडे दामदुप्पट होतं. व्याज कितीही साठो, एका वेळी मुदलाहून जास्त वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यातली कोर्टं ते मानत होती, १९४६ च्या मुंबईच्या सावकारी कायद्यात ते कलम म्हणून आलं. तुमच्या नियामकानं २०१५ मध्ये वोंगाला जी अट घातली ती दुसरी काय आहे? मला लंडनच्या एखाद्या हापिसात दामदुप्पटाची पाटी लावावीशी वाटली. आणि इथे? मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत. कायद्याच्या भाषेत तो बरोबरही असेल, मी वकील नाही. पण गल्लीतल्या सावकाराला दामदुप्पट, आणि ज्याच्या ॲपवरून पुण्यातली बाई सात दिवसांत दीडपट फेडते त्याला नाही.

नुसती वाईट रीतच देशोदेशी फिरते असंही नाही, तिला लावलेला ब्रेकही फिरतो, हे वहिनींमुळे मला ठाऊक आहे. बाळाच्या डब्यातल्या दुधाचं त्या नेहमी सांगतात, कंपन्या विकणाऱ्या बायांना नर्सचे कपडे घालून पाठवायच्या. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत ११८ विरुद्ध १ मतानं आचारसंहिता झाली, तो एक म्हणजे अमेरिका. आपण १९९२ मध्ये कायदा करून जाहिरातच बंद केली. त्याला अकरा वर्षं लागली खरी, पण आला ब्रेक. त्यामागे डॉक्टर होते, नर्सा होत्या, बाळंतिणी होत्या. कर्जात बुडालेला माणूस मात्र मोर्चा काढत नाही, तो फोन बंद करतो.

आणि एक आमच्या बँकेचं. सुनंदाताईंनी ॲप उघडण्याआधी आमच्याकडे विचारलं होतं, म्हणजे माझ्या जुन्या शाखेत. दहा हजारांसाठी दोन जामीनदार, पगारपत्रक, तीन आठवडे. डब्याच्या धंद्याचं पगारपत्रक कुठून आणणार? ती नियमावली निम्मी माझ्या हातची आहे. मला तिचा अभिमान होता, थकबाकी कमी होती ना. ॲपवाल्यानं दार उघडं ठेवलं, आम्ही उंबरठा उंच ठेवला, आणि वर मी त्यांना सहीबद्दल बोललो.

पुढे काय झालं ते सांगतो. शेवटी मीच त्यांना घेऊन शिवाजीनगरला सायबर पोलिसांकडे गेलो, अर्ज दिला. नंबर बदलायला लावला. ॲपांचे मिळून अठ्ठेचाळीस हजार भरून झाले होते, घेतलेले हातात आले होते एकवीस. पोरं परत आली, डबे आता तीसच्या घरात आहेत. निखिल एका दुकानात मोबाइल विकतो. गिऱ्हाइकाच्या नव्या फोनमध्ये ॲप घालून देताना 'कॉन्टॅक्ट बघू देऊ का' आलं की तो स्वतःच 'नाही' दाबतो, दुकानदार ओरडतो.

टीशर्ट अजून ताईकडे आहे. छातीवरची अक्षरं तडकलीत पण वाचता येतात. परवा ती फडक्यासाठी फाडायला निघाली होती, मी काढून घेतला. मेमध्ये येशील तेव्हा दाखवतो. येताना निखिलला दुसरा आण, आधी छातीवरचं नाव वाच मग पट्टे.

काल सुनंदाताई डबा द्यायला वर आल्या होत्या. त्यांचा नवा फोन लागत नव्हता म्हणून मला नंबर लावायला दिला. माझं नाव शोधलं, 'ब' खाली सापडेना. 'वरचे काका' असं आहे आता.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिग्या